मक्याच्या शेतातल्या दोन हाका

ऑगस्टमधल्या एका रात्री व्हिडिओ कॉलवर नात म्हणाली, "आजी, मला नोकरी लागली. शुक्रवारी आणि शनिवारी रात्री मी भूत होणार." मी कोकणात, शिरोड्याला आमच्या घराच्या ओटीवर बसले होते. बाहेर पाऊस धरलेला, वीज सारखी जात-येत होती. मला ते अजिबात आवडलं नाही. सतरा वर्षांची पोर मध्यरात्रीपर्यंत शेतात उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला घाबरवणार, आणि त्याचे पैसे घेणार. भुताखेतांची थट्टा करू नये, हे मी माझ्या आजीकडून ऐकलेलं आणि पुढं माझ्या लेकीला सांगितलेलं. लेकीला मी तसं बोलून दाखवलं. ती म्हणाली, "ऑक्टोबरात येणारच आहेस ना? स्वतः बघ, मग बोल."

लेक-जावई अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या लँकेस्टर परगण्यात राहतात. हा आमिश लोकांचा, म्हणजे मोटारी न बाळगणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्यांचा मुलूख. पाठीमागं नारिंगी त्रिकोण लावलेल्या त्यांच्या घोडागाड्या मोटारींच्या बरोबरीनं रस्त्यावरून चाललेल्या असतात. मी पोचले तेव्हा सर्वपित्री होऊन गेली होती, सोयाबीन पिवळं पडलं होतं आणि मका उभ्या उभ्या वाळला होता. तंबाखूच्या कोठारांच्या उभ्या फळ्या वारा आत जावा म्हणून उघडून ठेवलेल्या, आणि आत पानं टांगून वाळत घातलेली. माझा सगळा जन्म भातशेतीत गेला. एवढा मका मी कधी पाहिला नव्हता. ताटं माझ्या डोक्याच्या वर हातभर, आणि वाऱ्याची साधी झुळूक आली तरी कागद चुरगळल्यासारखा आवाज सगळ्या शेतातून फिरत जायचा.

भीतीचा धंदा शेतावर कसा आला, ते मला जावयांनी समजावून सांगितलं. हॅलोविन हा भुताखेतांचा सण ३१ ऑक्टोबरला. आयर्लंडकडून आलेल्या लोकांनी हा सण इथं आणला. तिकडं ते सलगम कोरून दिवा करायचे, इथं त्यांना भोपळा मिळाला. १९३०च्या दशकात, मंदीच्या काळात, त्या रात्रीचा पोरांचा धुडगूस फार वाढला. तेव्हा मोठ्या माणसांनीच घरांच्या तळघरांत भीतीच्या वाटा तयार केल्या, म्हणजे पोरं तिथं रमतील. मला लगेच आपला शिमगा आठवला. होळीसाठी पोरांनी लाकडं पळवायची आणि मोठ्यांनी त्या दिवसापुरतं चालवून घ्यायचं. पुढं हा खेळ शेतांवर आला. कॅलिफोर्नियातलं नॉट्स हे मुळात बोरांसारख्या फळांचं, म्हणजे बेरींचं शेत. तिथं १९७३ सालापासून हॅलोविनच्या भीतीच्या रात्री भरतात. लँकेस्टरच्या शेजारच्या परगण्यात ॲनव्हिल गावी १९९३मध्ये मक्याच्या शेतात पहिला आधुनिक भूलभुलैया कापला गेला, आणि त्याच वर्षी लँकेस्टरमधल्या माउंटव्हिलला गवताच्या गाडीतून फिरवून घाबरवणारं एक ठिकाण सुरू झालं. ते अजून चालू आहे. नात काम करते ते शेत मात्र लहान, एका कुटुंबाचं. मका गुरांसाठीच पेरलेला. हॅलोविन उलटलं की त्याची कापणी होते. तोवर ऑक्टोबरातले शनिवार-रविवार त्यांच्या हाती बरा पैसा आणतात.

मी गेल्यावर पहिल्याच रविवारी नातीनं जेवणाच्या टेबलावर मला तिचं काम शिकवलं. मी सदतीस वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, त्यामुळं कुणी नीट शिकवायला बसलं की माझं लक्ष आपोआप लागतं. पहिला नियम, पाहुण्याला हात लावायचा नाही. त्यानं तुला ढकललं तरी तू लावायचा नाहीस. दुसरा नियम, माणसाला पुढं घाबरवायचं. हे मला समजेना. तिनं मीठदाणी आणि दोन चमचे घेऊन दाखवलं. पाहुणे वाटेनं येतात. तू समोरून उडी मारलीस तर ते मागं पळतात, मागच्यांवर आदळतात, कुणी पडतं. तू बाजूनं किंवा किंचित मागून आलीस की ते पुढं पळतात आणि वाट मोकळी राहते. तिसरी गोष्ट आवाजाची. घशातून किंचाळलं तर एका रात्रीत घसा बसतो, म्हणून आवाज पोटातून काढायचा. "तू गाणं शिकवताना म्हणायचीस तसं," ती म्हणाली, आणि ते तिच्या लक्षात राहिलेलं ऐकून मला भरून आलं. शेवटची गोष्ट तिनं अगदी गंभीर होऊन सांगितली. कळपात सगळ्यांत घाबरलेला कोण आहे ते ओळखायचं, आणि त्याला सोडून द्यायचं. त्याच्या शेजारच्याला घाबरवायचं. तो आधीच पुरेसा घाबरलेला असतो.

मी विचारलं, "आणि तू कुठं उभी राहणार?"

"ते नाही सांगणार."

ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी आम्ही निघालो. लेक, जावई आणि मी. नात दुपारी चारलाच गेली होती, तोंड रंगवायला दोन तास लागतात म्हणून. तिकिटावर आमची वेळ लिहिलेली होती, साडेसातची. अंगावर स्वेटर, त्यावर लेकीचं जाड जाकीट, डोक्याला कानटोपी. पायांत बंद बूट हवेत, असं तिकिटावरच छापलेलं. गाडी लावली ती कापलेल्या शेतात. पायाखाली धसकटं लागत होती, आणि हातात दिवे घेतलेली शाळकरी मुलं गाड्यांना वाट दाखवत होती. सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळला होता. कोजागिरी होऊन तीन दिवस झालेले, त्यामुळं चंद्र यायला अजून वेळ होता.

आत शिरायच्या आधी एका कागदावर सही करायची होती. हृदयविकार असल्यास, गरोदर असल्यास, फिट येत असल्यास आत जाऊ नये. फोनचा दिवा लावू नये. कलाकारांना स्पर्श करू नये, तेही तुम्हाला करणार नाहीत. बाहेर पडायचं असेल तर दोन्ही हात वर करा, कुणीतरी येऊन तुम्हाला घेऊन जाईल. जावयांनी मला प्रत्येक ओळ मराठीत सांगितली आणि विचारलं, "आई, अजून विचार करा. मी इथं शेकोटीपाशी तुमच्याजवळ थांबतो हवं तर." मी सही केली.

रांगेत अर्धा तास गेला. त्यातच एक उंच बाई पांढऱ्या झग्यात लोकांमधून फिरत होती, कुणाच्याही कानाशी येऊन नुसती उभी राहायची. गुडघ्यांना आणि हातमोज्यांना लोखंडी पत्रे लावलेला एक मुलगा डांबरी वाटेवरून घसरत यायचा, आणि त्याच्याखालून ठिणग्या उडायच्या. लोक किंचाळायचे आणि लगेच हसायचे. मला त्यात भीती वाटली नाही. त्या मुलाचे गुडघे जळत नसतील ना, एवढंच मनात येत होतं.

मग गाडी. ट्रॅक्टरला जोडलेली लांब सपाट गाडी, तिच्यावर पेंढ्याचे गठ्ठे बसायला ठेवलेले. पेंढ्याचा वास आला आणि मी क्षणभर माहेरच्या खळ्यात होते. फरक एवढाच की आमच्या भाताच्या पेंढ्याला दमट वास असतो, हा अगदी कोरडा होता. ट्रॅक्टर चालू लागला. झाडीतून वाट. मध्येच खोटं स्मशान, मध्येच जळत्या घराचा देखावा, एका ठिकाणी दोन माणसं मागून धावत येऊन गाडीच्या कडेला लोंबकळली. धुराची यंत्रं ठिकठिकाणी होती. पाणी आणि ग्लायकॉल तापवून ते धुकं करतात, आणि त्याला गोडसर वास येतो. एका वळणावर दवाखान्याचा देखावा होता, रक्त, सुऱ्या, ओरडणारे रोगी. तो मला रिकामा वाटला. मी माझी माणसं खऱ्या दवाखान्यात पाहिली आहेत. तिथं एवढा आवाज नसतो.

नातीनं मानसशास्त्राच्या तासाला वाचलेली एक गोष्ट मला त्या गाडीवर आठवली. डेन्मार्कमधल्या ओऱ्हुस विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच एका भीतिघरात ११० माणसांच्या छातीला नाडी मोजणारी यंत्रं लावून त्यांना आत पाठवलं. २०२०मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. भीती फार कमी वाटली तर माणसाला मजा येत नाही, फार वाटली तरी येत नाही, मध्ये कुठंतरी एक जागा असते. माझी ती जागा त्या गाडीवर तरी आली नव्हती.

गाडी थांबली. पुढं पायी जायचं होतं, मक्यातून.

आमच्या गटात सहा जण होतो. आम्ही तिघं आणि कॉलेजातली वाटणारी तीन मुलं. तोंडाशी उभ्या असलेल्या माणसानं मागच्या आणि पुढच्या गटांत अंतर पडेपर्यंत आम्हाला थांबवलं, मग हात केला. दहा पावलं गेलो आणि उजेड संपला. वाट दोन माणसांएवढी रुंद. दोन्ही बाजूंना मका. माती पायाखाली भुसभुशीत, वर आभाळात तारे. गाडीवर सारखं काहीतरी अंगावर येत होतं, इथं काहीच येईना. नुसती पानांची सळसळ, आणि ती वाऱ्याची की कुणाच्या चालण्याची, ते कळायला मार्ग नाही. वाट वळली, परत वळली, दुभंगली. पुढची मुलं डावीकडं गेली, म्हणून आम्हीही गेलो. थोड्या वेळानं मला वाटलं, आपण इथून आधी एकदा गेलो आहोत.

तिथं मला भीती वाटली. माझे काका एकदा रेडीहून रात्री घरी यायला निघाले आणि पहाटेपर्यंत एकाच मळ्यात फिरत राहिले. मेर, म्हणजे शेताचा बांध, संपली की पुन्हा तीच मेर. चकवा लागला, असं घरात सगळे म्हणाले. शर्ट काढून उलटा घातला तेव्हा त्यांना वाट दिसली. मी तेव्हा सहा वर्षांची होते. ते आले तेव्हा पोटऱ्यांपर्यंत चिखल होता आणि ते कुणाशी बोलले नाहीत, तो चेहरा मी विसरलेले नाही. आमच्याकडं भीती अशी होती. तिला जागा होती, नाव होतं, उपाय होता. पिंपळावर मुंजा, पाण्यात गिऱ्हा, वेशीवर देवचार. आणि त्या सगळ्यांवर नजर ठेवायला शेजारच्या आरवलीचा वेतोबा. तो रात्री गावाभोवती फिरतो, फिरून फिरून त्याच्या चपला झिजतात, म्हणून लोक त्याला मोठाल्या चपलांचे जोड वाहतात. लहानपणी देवळात त्या चपला पाहिल्या की मला रात्री झोप लागायची. पेनसिल्व्हेनियातल्या त्या मक्यात माझ्यासाठी कुणी फिरत नव्हतं.

तेवढ्यात डावीकडून, ताटांच्या आतून, अगदी हलका आवाज आला.

"बाय…"

मी जागच्या जागी थांबले. पुढच्या मुलांनी तो ऐकलाही नसावा. मला बाय म्हणणारी दोनच माणसं होती, माझी आजी आणि माझी आई. दोघींना जाऊन कितीतरी वर्षं झाली. नुकताच पितरपाख सरलेला, आईचं पान मी निघायच्या आधी शिरोड्याला ठेवलं होतं. पोटातून काहीतरी गार वर आलं आणि गुडघे सैल पडले. डोक्याला माहीत होतं. पायांना नव्हतं.

"आई, काय झालं?" लेकीनं विचारलं. मी तिचा हात घट्ट धरला आणि बोलू नको अशी खूण केली.

मग पुन्हा, या वेळी पाठीमागून. "खंय चललंस गो बाय?"

आजीनं आम्हाला शिकवलं होतं, रात्री बाहेरून कुणी हाक मारली तर पहिल्या हाकेला ओ द्यायची नाही, दुसऱ्या हाकेलाही नाही. ते दोनदाच हाक मारतं. तिसऱ्यांदा आली तर ती माणसाची. मी तोंडावर हात धरून उभी राहिले आणि तिसऱ्या हाकेची वाट पाहिली. माझं हृदय कानांत वाजत होतं. पानं सळसळली, एकदा, आणि दूर दूर जात थांबली. तिसरी हाक आली नाही.

लेकीनं मला हळूच पुढं नेलं. पाच-सहा पावलांवर वाटेच्या कडेला उभं केलेलं बुजगावणं एकाएकी हललं आणि ती तिन्ही मुलं किंचाळत पुढं पळाली. मी त्याच्याकडं पाहिलंही नाही. मी मागं पाहत होते.

मक्यातून बाहेर पडलं की शेवटी कोठार. जुनं, लाकडी, तीनमजली, आत अंधाऱ्या बोळांचं जाळं. जावई माझ्या पुढं चालत होते आणि मला धीर यावा म्हणून बारीक आवाजात वर बघायला सांगत होते. प्रत्येक वळणावर बाहेर जाण्याच्या दाराची लाल अक्षरांची पाटी, आणि छताला पाण्याचे नळ. ११ मे १९८४ला न्यू जर्सीतल्या जॅक्सन इथल्या एका मोठ्या करमणूक उद्यानात अशाच भीतिवाड्याला आग लागली. अंधारात कुणीतरी लायटर पेटवला आणि भिंतीचा फोम पेटला. आठ मुलं गेली, सगळी किशोरवयीन. तिथं ना धुराची घंटा होती ना पाण्याचे फवारे. त्यानंतर देशभरातले नियम कडक झाले आणि अशा जागांना फवारे बसवणं भाग पडलं. हे ऐकल्यावर मी त्या कोठारातल्या भुतांपेक्षा त्या लाल पाट्याच मोजत गेले. माझी नात इथं दर शुक्रवारी-शनिवारी रात्री काम करणार आहे. मला त्या मोजायच्याच होत्या.

कोठाराच्या मागच्या दारात चेनसॉवाला. सगळीकडं शेवटी तोच असतो म्हणे. करवतीची साखळी काढून टाकलेली असते, नुसतं यंत्र. पण तो आवाज आणि पेट्रोलचा तो वास पुरेसा असतो. जावई धावले, लेक धावली, अडुसष्टाव्या वर्षी मीही धावले. मोकळ्यावर आलो तेव्हा पूर्वेला चंद्र बराच वर आला होता, तांबूस, मोठा, आणि सगळं शेत दिसत होतं. किती लहान होतं ते! ज्या वाटांवर मी हरवले होते त्या वाटा दोन-अडीच एकरांत मावत होत्या.

शेकोटीपाशी आम्ही साडेअकरापर्यंत बसलो. सफरचंदाचा गरम रस कागदी पेल्यात, त्याच रसात मळलेले गरम डोनट वर साखर लावून. मी दोन खाल्ले. लोक बाहेर येत होते, धापा टाकत, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून, आणि अनोळखी माणसांनाही काय काय झालं ते सांगत होते. आमच्यातली ती तीन मुलं येऊन मला म्हणाली, तुम्ही घाबरला नाहीत, कमाल आहे. जावयांनी मला त्याचा अर्थ सांगितला. मी काहीच उत्तर दिलं नाही.

नात आली ती अर्धं तोंड धुतलेलं, गालावर अजून राखेचा रंग, केसांत मक्याची पानं. खांद्याला घोंगडी. माझ्याशेजारी पेंढ्यावर बसली आणि म्हणाली, "आजी, ओ का नाही दिलीस?"

"तू दोनदाच हाक मारलीस."

"तिसरी मारणार होते. बरोबर त्या बुजगावण्याच्या मागून." तिनं माझ्या पेल्यातला घोट घेतला. "मागच्या गटात एक छोटी मुलगी होती, आठ-नऊ वर्षांची. तिनं हात वर केले. माझ्या सगळ्यांत जवळ ती होती. मग मी मक्यातून बाहेर आले आणि तिला उचलून बाहेर नेलं. ती मला विचारत होती, तू खरी कोण आहेस. मी नाव सांगितलं, शाळा सांगितली, मला गणित आवडत नाही हे सांगितलं, तेव्हा रडायची थांबली."

मी तिच्या केसांतली पानं काढत बसले. ती सहा वर्षांची असताना एकदा मी तिला बायची आणि तीन हाकांची गोष्ट सांगितली होती, शिरोड्याला, वीज गेलेल्या रात्री. मला वाटलं होतं ती तेव्हाच झोपून गेली.

पुढच्या शुक्रवारी दुपारी ती निघायच्या आधी मी तिला स्वयंपाकघरात बसवलं. त्या वर्षी ३१ ऑक्टोबरलाच इकडं लक्ष्मीपूजन येत होतं. त्या रात्री तिनं घरी राहायचं, हे तिनं स्वतःच शेतावर सांगून ठेवलं होतं. बाकीच्या रात्रींसाठी माझ्या दोन अटी होत्या. वेतोबाचं नाव घ्यायचं नाही, आणि गेलेल्या माणसाच्या नावानं पुन्हा कुणाला हाक मारायची नाही, माझ्याशिवाय. तिनं मान हलवली. मग मी तिचं मालवणी तपासलं. "खंय" तिला जमत नव्हतं. ती "खाय" म्हणत होती, म्हणजे भलताच अर्थ. शेतात मला ते नीट ऐकू आलं ते माझ्या कानांनी दुरुस्त करून घेतलं असणार. आम्ही वीसेक वेळा म्हटलं. अनुस्वार नाकात, शेवटी आवाज खाली, आणि "गो" लांबवायचा नाही, आजी लांबवत नसे.

गाडीची वेळ झाली तशी ती पिशवी घेऊन दारापर्यंत गेली. मी ओट्यापाशी कांदा चिरत होते. दाराबाहेरून हाक आली, मग पुन्हा एकदा आली. मी सुरी खाली ठेवली.

"खंय चललंस गो बाय?"

"ओ," मी म्हटलं, आणि तिला डबा द्यायला दाराकडं गेले.